पिल्सेनकरांनी ओतलेली बिअर

नेऱ्यातला निवृत्त मास्तर बिअरवर लिहितोय म्हटल्यावर नातेवाईकांच्या भुवया उंचावणार! पण जर्मन पिल्स्नरची कडवट चव मला आवडते, आणि तिचा इतिहास त्याहून जास्त.

१८३८ साली बोहेमियातल्या पिल्सेनमध्ये इतकी वाईट बिअर निघाली, की लोकांनी ३६ पिंपं भर चौकात ओतून दिली. मग गावाने मिळून स्वतःचा कारखाना काढला आणि बव्हेरियाच्या योसेफ ग्रोलला बोलावलं. १८४२ मध्ये त्याने तिथलं मृदू पाणी, जवाचं फिकट माल्ट, हॉप्सची फुलं आणि थंडीत सावकाश काम करणारं यीस्ट वापरून सोनेरी बिअर काढली. जर्मनांनी पुढे ती आपलीशी केली.

आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आला. प्यायला आजही परवाना लागतो. पिणं थांबलं नाही, फक्त चोरून सुरू राहिलं. चोरून पिणारा वाईट मालाची तक्रार कोणाकडे करणार? २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. पिल्सेनकर चौकात ओतू शकले, कारण ते चौकात पीत होते.

असो. मी एकच ग्लास घेतो, तोही सूनबाईंच्या देखत.