चिमट्यातली स्प्रिंग

मोटारसायकलचे पुढचे चाक खड्ड्यात दणकन आपटू लागले, की गॅरेजमध्ये निदान ठरलेले असते : 'स्प्रिंग बसली.' उपायही ठरलेला. चिमट्याच्या नळीचे वरचे बूच काढायचे, स्प्रिंगच्या डोक्यावर पाइपचा छोटा तुकडा ठेवायचा आणि बूच पुन्हा आवळायचे. गाडी 'कडक' झाली, असे मिस्त्री सांगतो. गिऱ्हाइकालाही ते पटते. या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. ती का झाली, याचे उत्तर मला या यंत्राच्या इतिहासात सापडते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बहुतेक गाड्यांना 'गर्डर' चिमटा असे. त्याची स्प्रिंग हँडलखाली उघड्यावर दिसे. शेजारच्या घर्षण-चकत्या आवळणारी मूठ स्वाराच्या हाताशी असे. रस्ता बिघडला की मूठ पिळायची. उसळी कमी होई. स्प्रिंगची ताकद ही एक गोष्ट आणि तिची उसळी आवरणे ही दुसरी, हा फरक स्वाराला हातानेच कळत होता.

१९३५ मध्ये जर्मनीच्या बीएमडब्ल्यूने आर-१२ आणि आर-१७ या गाड्यांना एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा, तेलाने उसळी आवरणारा दुर्बिणी चिमटा दिला. तेलासह असा चिमटा विक्रीच्या गाडीवर प्रथमच येत होता. युद्धकाळात, १९४१ मध्ये, ब्रिटनच्या मॅचलेस जी-३/एल या लष्करी गाडीला त्याच धर्तीचा 'टेलिड्रॉलिक' चिमटा मिळाला. १९४९ च्या रॉयल एनफिल्ड बुलेटलाही दुर्बिणी चिमटाच होता, आणि १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया स्थापन झाल्यावर ती बुलेट आपलीच झाली.

या बदलाने चालवण्यात मोठे सुख आले, पण स्प्रिंग नळीत गेली आणि स्वाराच्या हातातली मूठही गेली. स्प्रिंग किती ताकदीची, तेल किती घट्ट, हे कारखाना ठरवू लागला. त्यासाठी त्याला एक सरासरी स्वार आणि सरासरी रस्ता गृहीत धरावा लागला. आपल्याकडचे स्वार आणि रस्ते त्या हिशेबात बसलेच नाहीत, तेव्हा मिस्त्रीचा पाइप जन्माला आला.

तो पाइप नेमके काय करतो? स्प्रिंगचे दबणे तिच्यावरील बलाच्या प्रमाणात असते, हा रॉबर्ट हुकने १६७८ मध्ये मांडलेला नियम इथे पुरतो. समजा, दोन्ही स्प्रिंगा मिळून एक सेंटिमीटर दाबायला १२ किलो लागतात आणि त्यांच्यावर ९६ किलो भार आहे. त्या मोकळ्या लांबीपासून ८ सेंटिमीटर दबतील. बूच लावतानाच त्या २ सेंटिमीटर दाबलेल्या असतील, तर चिमटा ६ सेंटिमीटर बसेल. पाइप १ सेंटिमीटरने वाढवला तर ५ बसेल. मात्र त्यापुढचा प्रत्येक सेंटिमीटर पूर्वीप्रमाणेच १२ किलोच मागेल. गाडी उंच झाली. स्प्रिंग कडक झालेली नाही.

खरी ताकद तारेत आणि वेढ्यांत असते. तारेच्या जाडीचा परिणाम चौथ्या घाताने होतो. वेढ्याचा व्यास आणि वेढ्यांची संख्या तीच ठेवून ४ मिलिमीटरऐवजी ४.४ मिलिमीटरची तार घेतली, तर स्प्रिंग जवळपास ४६ टक्के कडक होते. वेढे कमी केले तरी ती कडक होते. म्हणून काही मिस्त्री स्प्रिंगचे दोन-तीन वेढे कापून तेवढा लांब पाइप बसवतात. ही युक्ती गणिताला धरून आहे. फक्त उरलेले वेढे पूर्ण दबून एकमेकांना टेकणार नाहीत, हे पाहावे लागते.

हा प्रश्न केवळ कंबरेच्या सुखाचा नाही. स्वार बसल्यावर चिमट्याने आपल्या एकूण हालचालीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश खाली बसावे, असा प्रघात आहे. चाकाला वर जाण्याइतकीच खाली उतरायलाही जागा हवी. पाइप फार लांब झाला, तर चाक खड्ड्यात पुरेसे उतरत नाही. स्प्रिंग फार मऊ असेल, तर ब्रेक लावताच चिमटा तळाला टेकतो. दोन्ही वेळा टायरची रस्त्यावरची पकड धोक्यात येते.

दुर्बिणी चिमटा म्हणजे अंतिम उत्तर, असे त्याच्या जनकालाही वाटले नव्हते. बीएमडब्ल्यूने १९५५ मध्ये तो आपल्या नव्या गाड्यांवरून काढून अर्ल्स पद्धतीचा, बाहेर दिसणाऱ्या शॉकअॅब्सॉर्बरांचा चिमटा स्वीकारला. साइडकार जोडायची असेल, तर त्या चिमट्याच्या भुजेचा खीळबिंदू बदलता येई. कंपनी दुर्बिणी चिमट्याकडे परतली ती १९६९ मध्ये. आपल्याकडे पोलंडच्या एसएचएल गाडीवरून आलेल्या राजदूतलाही सुरुवातीला बाहेरच्या शॉकअॅब्सॉर्बरांचाच चिमटा होता. दुधाच्या कॅनांसह तिने खेड्यापाड्यांतले रस्ते तुडवले.

तंत्रज्ञानाचा इतिहास आपण शोधकर्त्यांच्या नावांनी लिहितो. मला मात्र त्यात पाइपच्या तुकड्यालाही जागा द्यावीशी वाटते. कारखान्याने गृहीत धरलेला माणूस आणि प्रत्यक्ष गाडीवर बसलेला माणूस यांच्यातले अंतर त्याने भरून काढले. ते अर्धेच भरले, कारण उंची आणि ताकद हे दोन हिशेब आपण एकाच शब्दात बांधून ठेवले. ते सोडवले, तर पुढच्या वेळी मिस्त्रीला 'कडक कर' म्हणण्याआधी आपण विचारू : गाडी बसते आहे, की आपटते आहे?