हवाली आणि हुकूम : सैनिकी वाहतुकीतील कनिष्ठ नेतृत्वाची मराठी पूर्वपीठिका

सैनिकी नेतृत्वाचा विचार मराठी वाङ्मयात बहुधा रणांगणावरील वीराच्या अनुषंगाने झाला आहे. अग्निदासाचा अफझलखानवधाचा आणि तुळशीदासाचा सिंहगडाचा पोवाडा यांनी जो नायक घडविला, तो सर्वांच्या दृष्टीसमोर पुढे होणारा, पुढे होण्यानेच इतरांना मागे खेचणारा नायक आहे. सैन्याला दाणावैरण, दारूगोळा व औषधपाणी पोचविणाऱ्या माणसांना आणि त्यांच्यावरील नाईक-हवालदारांना या परंपरेत क्वचितच स्थान मिळाले. ही उणीव विषयाची तर आहेच. त्याहून अधिक ती नेतृत्वाच्या कल्पनेची आहे. कारण वाहतूक दलातील हवालदाराला जे नेतृत्व करावे लागते, ते बहुतांशी कोणाच्या दृष्टीस पडत नाही. त्या नेतृत्वाचे शिक्षण कसे द्यावे, या प्रश्नाला मराठी गद्याने फार पूर्वी उत्तर दिलेले आहे.

प्रथम शब्दांकडे पाहणे उचित ठरेल. भारतीय सेनेत आजही रूढ असलेल्या ‘नाईक’ आणि ‘हवालदार’ या पदनामांची कुळे भिन्न आहेत. ‘नाईक’ संस्कृत ‘नायक’ शब्दावरून आला. त्यात पुढे नेण्याची क्रिया आहे. ‘हवालदार’ अरबी ‘हवाला’ आणि फारसी ‘दार’ यांच्या संयोगाने सिद्ध झाला; ज्याच्या हवाली काही केले आहे, तो हवालदार. शिवकालीन पायदळात नऊ पाइकांवर एक नाईक आणि पाच नाइकांवर एक हवालदार असे. घोडदळात पंचवीस बारगिरांवर हवालदार असून त्या पथकाला एक पाणक्या आणि एक नालबंद जोडलेला असे. सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिल्या गेलेल्या सभासद बखरीतून ही व्यवस्था परिचित आहे. यातील पाणक्या आणि नालबंद यांच्याकडे अभ्यासकांचे लक्ष सहसा जात नाही. माणसांबरोबर घोड्याचा खूर आणि त्याची तहानही हवालदाराच्या हवाली होती, हा त्यांचा अर्थ आहे.

या पदाला उद्देशून लिहिलेला एक असाधारण मजकूर उपलब्ध आहे. राज्याभिषेकाच्या (१६७४) सुमारास चिपळूण परिसरात छावणीला असलेल्या पागेच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांना शिवाजी महाराजांनी पाठविलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेविषयीच्या कळवळ्याचा पुरावा म्हणून ते नेहमी उद्धृत होते, आणि ते योग्यच आहे. परंतु या पत्राचे वाङ्मयीन रूप तपासले तर तो कनिष्ठ नेत्यांसाठीचा पाठ आहे, असे दिसून येते. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा आणि गवत आत्ताच उधळले, तर भर पावसात काही उरणार नाही, घोडी मरतील, मग शिपाई रयतेकडून हिसकावू लागतील, रयत परागंदा होईल आणि या सैन्याला शत्रूहून वाईट समजेल. कोणी निष्काळजीपणे चूल पेटवील, कोणी दिवा जळता ठेवील, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी भस्म होतील. पत्रात हुकूम आहे, पण त्याचे बळ या कार्यकारणाच्या साखळीत आहे. एका उंदरापासून राज्याच्या अब्रूपर्यंतचा मार्ग हवालदाराच्या कल्पनेसमोर उभा केला जातो.

तुलनेसाठी दोन प्राचीन ग्रंथ घेता येतील. झेनोफनचा घोडदळाच्या सेनानीवरील ग्रंथ आणि कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’तील अश्वाध्यक्ष व रथाध्यक्ष यांची प्रकरणे सैन्याच्या निगेविषयी सूक्ष्म सूचना देतात, पण दोन्हींचा श्रोता वरिष्ठ अधिकारी आहे. चिपळूणचे पत्र पंचवीस माणसांच्या प्रमुखापर्यंत उतरते आणि त्याला ‘का’ हे सांगते. पत्र लिहिणारा स्वतः छावणीत नाही, आणि संपूर्ण चौमासा हवालदारावर कोणाची नजर असणार नाही. नेता दूर असताना जे टिकते, तेच खरे शिक्षण, हे या मजकुराचे गृहीत आहे.

पुढील दोन शतकांत ही पदनामे कंपनी सरकारच्या पलटणींत गेली आणि इंग्रजी उच्चारांचा साज घेऊन मराठी शिपायांकडे परत आली. पहिल्या महायुद्धात या शब्दांमागील विसरलेला अर्थ फार महागात पडला. मेसोपोटेमियात गेलेली सहावी डिव्हिजन ‘पूना डिव्हिजन’ म्हणून ओळखली जाई आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. बसऱ्यापासून तैग्रिसच्या काठाने ती जितकी पुढे सरकली, तितका तिचा पुरवठामार्ग ताणत गेला. ७ डिसेंबर १९१५ पासून कुत-अल-अमारा येथे पडलेला वेढा २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० जणांच्या शरणागतीने संपला. त्या मोहिमेतील अव्यवस्थेची चौकशी करणाऱ्या आयोगाने १९१७ मध्ये वाहतुकीच्या अपुऱ्या साधनांवर कठोर ठपका ठेवला.

दुसऱ्या महायुद्धात मोटारवाहतुकीचा अभूतपूर्व विस्तार झाला. १९३९ मध्ये सुमारे दोन लाखांची असलेली भारतीय सेना १९४५ पर्यंत सुमारे पंचवीस लाखांवर गेली. खेड्यातून आलेल्या ज्या तरुणाने बैलगाडीपलीकडे काही हाकले नव्हते, त्याला मालमोटार शिकवायची आणि लवकरच त्यांतल्या काहींना नाईक करायचे, हे रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरपुढील काम होते. शिक्षणाची भाषा होती रोमन लिपीतील उर्दू. दिमापूर-कोहिमा-इम्फाळ मार्ग मार्च १९४४ मध्ये जपानी सैन्याने तोडला आणि २२ जूनला तो पुन्हा खुला झाला; एका रस्त्यावर संपूर्ण मोहिमेचा प्राण कसा अवलंबून असतो, याचा तो धडा होता.

याच सुमारास, १० जुलै १९४४ रोजी, इटलीत नाईक यशवंत घाडगे यांनी एकट्याने शत्रूच्या मशीनगनवर चाल केली आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. पोवाड्याला ओळखीचा असणारा हा नायक. पायदळाचा नाईक आपल्या तुकडीला दिसतो, तुकडी त्याला दिसते. कॉन्व्हॉयमध्ये मात्र गाड्यांत अंतर राखावे लागते. घाटाच्या वळणावर हवालदाराला पुढच्या एक-दोन गाड्याच दिसतात. दहाव्या गाडीचा ड्रायव्हर झोपेला आला असेल, तर त्या क्षणी हुकूम निरुपयोगी असतो. म्हणून त्याचे नेतृत्व गाड्या सुटण्यापूर्वीच घडून गेलेले असावे लागते: ब्रेक, तेल, पाणी, टायर आणि लादलेल्या मालाचे दोर तपासण्यात, कोणाची रात्र जागरणात गेली हे ओळखण्यात, थांब्यावर प्रत्येक गाडीपाशी स्वतः जाण्यात. बढतीपूर्वी पलटणीत घेतले जाणारे केडर, नकाशावाचन, सेनेच्या शैक्षणिक परीक्षा हे सारे आवश्यक आहेच. पण त्यांचा कस लागतो तो हवालदार नजरेआड असताना ड्रायव्हर काय करतो, यावर.

स्वातंत्र्यानंतर या दलाचे नाव आर्मी सर्व्हिस कोअर झाले. त्याचे मुख्य प्रशिक्षण केंद्र आज बंगळूरला आहे. लडाखमधील तुकड्यांसाठी हिवाळ्यापूर्वी करावी लागणारी बेगमी हे या दलाचे दरवर्षीचे मोठे काम. सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीची झोजी खिंड हिमवर्षावाने बंद होण्याआधी शिधा, इंधन आणि उबदार कपडे वर पोचले पाहिजेत. चिपळूणच्या छावणीतील चौमाशाची बेगमी आणि लडाखच्या हिवाळ्याची बेगमी यांत साडेतीन शतकांचे अंतर आहे. ज्याच्या हवाली ती केली आहे त्याची कसोटी मात्र एकच आहे.

मराठी वाङ्मयेतिहासाने चिपळूणच्या पत्राचे वर्गीकरण ऐतिहासिक पत्रव्यवहारात करून ठेवले आहे. त्याला उपदेशपर गद्याच्या, विशेषतः कनिष्ठ नेत्याच्या शिक्षणाच्या परंपरेत आणले, तर पोवाड्यातील नायकाशेजारी दुसरा एक नायक उभा राहील. तो पुढे धावत नाही. संध्याकाळी सगळे दिवे विझले आहेत की नाहीत, हे पाहून मग निजतो. त्याच्यासाठी मराठीने वेगळा शब्द घडविण्याची गरज नाही. ‘हवालदार’ या शब्दात तो पूर्वीपासून आहे.