मेळघाट : रानपिंगळ्याचा मुलूख (जि. अमरावती)

नांदगाव पेठ हे अमरावतीजवळचे, नागपूर महामार्गावरचे गाव. भोवती कपाशी-तुरीची काळी जमीन आणि आता मोठी औद्योगिक वसाहत. येथे झाडाच्या ढोलीतून तिन्हीसांजेला चिरकतो तो ठिपकेवाला पिंगळा. तो देशात सर्वत्र आहे. त्याचा भाऊबंद रानपिंगळा मात्र भारताबाहेर जगात कोठेही आढळत नाही. त्याचे एक महत्त्वाचे आश्रयस्थान याच जिल्ह्यात, परतवाड्यापलीकडे सातपुड्याच्या रांगांतील मेळघाटात आहे.

पक्षीतज्ज्ञ ह्यूम यांनी १८७३ मध्ये रानपिंगळ्याचे शास्त्रीय वर्णन केले. नमुना पाठवणाऱ्या ब्लेविट यांचे नाव त्याला मिळाले. १८८४ पर्यंत अवघे सात नमुने हाती आले आणि पुढे शतकभर पक्षी दिसलाच नाही. मधल्या काळात माइनर्ट्झहागेन या इंग्रज संग्राहकाने १९१४ सालचा म्हणून गुजरातेतील मांडवीचा एक नमुना पुढे केला होता. तो प्रत्यक्षात चोरलेला जुना नमुना होता, त्यावरची चिठ्ठी खोटी होती. या लबाडीने शोध घेणाऱ्यांची दिशाच चुकवली. पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो नमुना बाजूला ठेवून जुन्या, खऱ्या ठिकाणांकडे मोर्चा वळवला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ त्यांना जिवंत रानपिंगळा दिसला. मेळघाटातील त्याचा वावर त्यानंतर उजेडात आला.

ओळखायला डोके पाहावे. गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात, रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते जवळपास नसतात. पंख व शेपटीवर ठळक पट्टे, पायांवर दाट पांढरी पिसे. तो भर दिवसा उघड्या फांदीवर बसून शेपटी डावी-उजवीकडे झटकतो. सरडे, उंदीर, किडे टिपतो. त्याला घनदाट अरण्य नको, विरळ सागवान हवे, आणि घरट्यासाठी नैसर्गिक ढोली असलेली जुनी झाडे. पोकळ म्हणून निरुपयोगी ठरवून तोडलेले झाड म्हणजे त्याचे मोडलेले घर. वणवे, वनजमिनीवरील अतिक्रमण आणि जादूटोण्यासाठी होणारी घुबडांची हत्या हेही धोके आहेत.

मेळघाट हा देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. वाघासाठी राखलेल्या या जंगलात रानपिंगळ्यालाही संरक्षण मिळाले, हा मोठाच लाभ. पुढे २०१४ मध्ये तो ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यातही सापडला. तरीही धोक्यातील प्रजातींच्या जागतिक यादीत त्याची नोंद संकटग्रस्त अशीच आहे.