'मत' आणि 'मत' : प्रश्नावलीच्या साह्याने पक्षनिवड आणि पुण्याचा नवमतदार

मराठीत 'मत' हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. एखाद्या विषयासंबंधी मनुष्याचा जो विचार बनलेला असतो त्यास मत म्हणतात. आणि निवडणुकीच्या दिवशी मतदानकेंद्रात तो जे नोंदवून येतो त्यासही मतच म्हणतात. संस्कृत 'मन्' या धातूपासून सिद्ध झालेल्या या शब्दाचा पहिला अर्थ प्राचीन आहे. दुसरा लोकनियुक्त संस्थांच्या स्थापनेबरोबर त्यास येऊन चिकटला. इंग्रजीतील 'व्होट' हा शब्द व्रत वा नवस या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला आहे. जर्मन व डच भाषांत मतासाठी योजलेल्या शब्दाचा मूळ अर्थ 'आवाज' असा आहे. हिंदीभाषक दैनंदिन बोलण्यात बहुधा 'वोट' म्हणतो. मराठी माणूस मात्र बोलतानाही मतच देतो आणि मतच मागतो. विचार एकदा निश्चित झाला की त्यातून मतदान आपोआप निष्पन्न होते, असे मराठी भाषा जणू गृहीत धरून चालते. हे गृहीत कितपत खरे आहे, याची परीक्षा घेण्याची संधी गेल्या काही दशकांत एका नव्या साधनाने उपलब्ध करून दिली आहे. मतदाराने काही विधानांवर आपली संमती वा असंमती नोंदवावी, आणि त्याचे विचार कोणत्या पक्षाशी किती जुळतात हे यंत्राने गणित करून सांगावे, असे हे साधन आहे. त्यास येथे 'मतजुळणी-प्रश्नावली' असे म्हटले आहे.

या साधनाचा जन्म शाळेत झाला, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. १९८९ साली नेदरलँड्समध्ये 'स्टेमवायझर' नावाची एक पुस्तिका निघाली. नावाचा अर्थ 'मताचा दर्शक' असा करता येईल. पक्षांच्या जाहीरनाम्यांतून घेतलेली साठ विधाने तीत होती आणि सोबत संगणकाची एक तबकडी होती. माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांना नागरिकशास्त्र शिकविताना पक्षापक्षांतील भेद समजावून द्यावेत, एवढाच तिचा मर्यादित हेतू होता. १९९८ मध्ये ती महाजालावर आली आणि तिचे स्वरूप पालटले. २००६ च्या निवडणुकीच्या वेळी तिचा वापर ४७ लाख वेळा झाला. जर्मनीत नागरिक-शिक्षणाचे काम पाहणाऱ्या संघराज्यीय संस्थेने २००२ मध्ये 'वाल-ओ-माट' हे तशाच प्रकारचे साधन सुरू केले. २०२१ च्या निवडणुकीत त्याचा वापर दोन कोटींहून अधिक वेळा झाला. त्यातील विधाने तयार करण्याच्या कामात तज्ज्ञांच्या जोडीला तरुण व प्रथमच मतदान करणाऱ्या नागरिकांना बसविण्याची तेथे प्रथा आहे.

त्याच १९८९ साली भारतातही तरुण मतदारासंबंधी एक महत्त्वाचा बदल घडला. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३२६ मधील मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणले. ही दुरुस्ती २८ मार्च १९८९ रोजी अमलात आली आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरातील लोकसभा निवडणुकीत १८ ते २० वर्षांच्या नागरिकांनी प्रथमच मतदान केले. म्हणजे एका देशाने ज्या वर्षी विद्यार्थ्याच्या हाती मताचा दर्शक दिला, त्याच वर्षी दुसऱ्याने विद्यार्थ्याच्या हाती मतच दिले. नंतरच्या काळात भारतात मतदाराला उमेदवाराची माहिती पुरविण्याची व्यवस्था झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निर्णयांमुळे गुन्हे, मालमत्ता व शिक्षण यांविषयीचे प्रतिज्ञापत्र उमेदवारास देणे भाग पडले, आणि 'असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स' या १९९९ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने ती माहिती महाजालावर सर्वांस खुली केली. परंतु ही माहिती उमेदवार कोण आहे हे सांगते. तो व त्याचा पक्ष काय मानतो हे सांगत नाही. ती उणीव परदेशी बनावटीच्या प्रश्नावलींनी भरून काढण्याचा प्रयत्न केला. अमेरिकेत २०१२ मध्ये निघालेल्या 'आय साइड विथ' या संकेतस्थळाची भारतासाठीही आवृत्ती आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी देशात १८ व १९ वर्षांचे सुमारे १ कोटी ८० लाख मतदार नोंदले गेले होते. त्यांच्या दृष्टीने भ्रमणध्वनीवर दहा मिनिटांत पक्ष सुचविणारे साधन आकर्षक ठरावे, यात नवल नाही.

या साधनाचे गणित अगदी सोपे आहे. 'वाल-ओ-माट'मध्ये अडतीस विधाने असतात. मतदार व पक्ष यांचे उत्तर एकच असेल तर दोन गुण, एक तटस्थ असेल तर एक, आणि दोघे परस्परविरुद्ध असतील तर शून्य. जे विधान मतदारास विशेष महत्त्वाचे वाटेल त्याचे गुण दुप्पट धरता येतात. शेवटी गुणांची बेरीज करून शेकडेवारी काढली जाते. पत्रिका जुळविताना छत्तीसपैकी किती गुण जमले हे पाहण्याची सवय असलेल्या समाजास ही पद्धती नवखी वाटू नये. पण पत्रिकेतील गुण कोणते हे परंपरेने ठरलेले असते; प्रश्नावलीतील विधाने कोणीतरी निवडलेली असतात. खरी अडचण येथेच आहे. स्टेफान वालग्राव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी बेल्जियममधील अशा साधनाचा अभ्यास करून २००९ मध्ये दाखवून दिले की, विधानांची निवड बदलली म्हणजे मतदारास मिळणारा सल्लाही बदलतो. मतदाराचे विचार तेच, पक्षांच्या भूमिका त्याच. केवळ काय विचारले यावर उत्तर फिरते. दुसरा आक्षेप न्यायालयात गेला. 'वाल-ओ-माट'मध्ये एका वेळी आठच पक्षांशी तुलना करता येत असल्याने लहान पक्षांवर अन्याय होतो, अशी तक्रार 'व्होल्ट' या पक्षाने केली. मे २०१९ मध्ये कलोनच्या न्यायालयाने ती ग्राह्य धरून ते साधन त्या स्वरूपात चालविण्यास मनाई केली. युरोपीय संसदेच्या निवडणुकीस त्या वेळी आठवडाही उरला नव्हता. पुढे उभयपक्षी तडजोड होऊन ते पुन्हा सुरू झाले.

हे आक्षेप पुण्याच्या निवडणूक-इतिहासाच्या प्रकाशात तपासले असता त्यांचे मर्म अधिक स्पष्ट होते. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवारासाठी स्वतंत्र मतपेटी होती आणि तीवर त्याचे चिन्ह चिकटविलेले असे. मतदाराने कागदावर काहीही खूण न करता तो योग्य पेटीत टाकावयाचा होता. निरक्षर मतदारासाठी केलेली ही व्यवस्था निर्णय सोपा करीत नव्हती. घेतलेला निर्णय नोंदविणे तेवढे सोपे करीत होती. निर्णय कसा घ्यावा, हे राज्ययंत्रणेने मतदारावर सोपविले होते.

१९५७ च्या निवडणुकीत पुण्याने तो कसा घेतला, हे विशेष उद्बोधक आहे. संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यातच झाली. प्रजा समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, जनसंघ, हिंदुमहासभा अशा एरव्ही एकमेकांचे तोंडही न पाहणाऱ्या पक्षांची ती आघाडी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले आणि पुढील वर्षीच्या निवडणुकीत पुण्याने समितीच्या बाजूचे नानासाहेब गोरे यांस लोकसभेत पाठविले. त्या वर्षी अडतीस विधानांची एखादी प्रश्नावली पुणेकर तरुणापुढे ठेवली असती, तर जमीनसुधारणा, धर्म व राज्य, परराष्ट्रनीती या सर्व बाबतींत समितीतील पक्षांची उत्तरे परस्परांस छेद देणारी निघाली असती, आणि भाषिक राज्याचे एकच विधान त्या गर्दीत हरवून गेले असते. त्याचे गुण दुप्पट केल्यानेही काही साधले नसते. कारण मतदाराच्या लेखी त्या वर्षी तो एकच प्रश्न होता. काँग्रेसमधील काकासाहेब गाडगीळांसारख्या नेत्यानेही संसदेत संयुक्त महाराष्ट्राची बाजू मांडली होती, हे लक्षात घेतले म्हणजे व्यक्तीचे विचार आणि पक्षाची भूमिका यांतील अंतरही ध्यानात येते. ते अंतर शेकडेवारीत मावत नाही.

मतदारास प्रश्न विचारण्याची शास्त्रीय पद्धतीही पुण्यात लवकरच आली. पुणे विद्यापीठातील प्रा. व. म. सिरसीकर यांनी १९६२ च्या निवडणुकीतील पुण्याच्या मतदारांचा अभ्यास करून तो 'पोलिटिकल बिहेव्हियर इन इंडिया' या नावाने १९६५ मध्ये प्रसिद्ध केला. त्या प्रश्नावलीत आणि आजच्या मतजुळणी-प्रश्नावलीत एक मूलभूत भेद आहे. तेथे मतदार बोलत होता आणि अभ्यासक त्यापासून शिकत होता. येथे मतदार प्रश्नकर्त्याच्या चौकटीत उत्तरे देतो आणि शेवटी स्वतःविषयीचा निष्कर्ष त्याच्याकडूनच ऐकतो.

सांप्रतच्या पुण्यातील नवमतदाराची अडचण आणखी निराळी आहे. प्रश्नावलीस पक्ष ही स्थिर वस्तू लागते. महाराष्ट्रात जून २०२२ मध्ये शिवसेना आणि जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली. नाव व चिन्ह कोणाचे याचा निर्णय निवडणूक आयोगास अनुक्रमे फेब्रुवारी २०२३ व फेब्रुवारी २०२४ मध्ये द्यावा लागला. एकाच परंपरेवर दोघे हक्क सांगत असता त्यांच्यातील निवड धोरणांच्या विधानांवरून करणे दुष्कर आहे. महानगरपालिकेच्या बाबतीत तर गुंता अधिकच वाढतो. २१ फेब्रुवारी २०१७ नंतर पुणे महानगरपालिकेची निवडणूक १५ जानेवारी २०२६ रोजी झाली. मधल्या काळात, मार्च २०२२ पासून, कारभार प्रशासकाच्या हाती होता. २०१७ च्या निवडणुकीनंतर लगेच अठरा वर्षे पूर्ण केलेला पुणेकर सव्वीस वर्षांचा झाला तेव्हा त्यास आपला नगरसेवक निवडण्याची पहिली संधी मिळाली. त्या निवडणुकीत ४१ प्रभागांतून १६५ सदस्य निवडावयाचे होते, आणि बहुतेक प्रभागांत प्रत्येक मतदारास चार मते द्यावयाची होती. राज्याच्या सत्तेत एकत्र असलेले पक्ष पुण्यात परस्परांविरुद्ध उभे होते. अशा वेळी एकच पक्ष सुचविणारे साधन चार जागांपुढे उभ्या असलेल्या मतदारास फार अल्प साहाय्य करू शकते. टेकड्यांवरील बांधकाम, नदीकाठ सुधारणा, समाविष्ट गावांचे पाणी या प्रश्नांवर प्रभागातील उमेदवार काय म्हणतो, हे राष्ट्रीय प्रश्नावलीत कोठेच सापडत नाही.

याचा अर्थ हे साधन निरुपयोगी आहे असा मात्र नव्हे. ज्या तरुणाने एकही जाहीरनामा उघडलेला नाही, त्यास ते निदान कोणते प्रश्न वादाचे आहेत हे दाखविते. घरातील परंपरागत निष्ठा आणि स्वतःचे विचार यांत विसंगती आहे काय, हेही त्यास पारखून घेता येते. शाळेतील पुस्तिकेचा मूळ हेतू हाच होता. पुण्यातील महाविद्यालयांनी स्थानिक प्रश्नांवरील विधाने विद्यार्थ्यांकडूनच तयार करवून ती सर्व पक्षांच्या उमेदवारांकडे लेखी उत्तरासाठी पाठविली, तर तो हेतू येथेही साध्य होण्यासारखा आहे. त्यात शेवटची शेकडेवारी गौण ठरेल. प्रश्न कोणते विचारावेत याचा वाद हेच खरे शिक्षण होईल.

निवडणुकीच्या संदर्भात मराठीत आणखी एक शब्द येतो : 'कौल'. वचन वा करार या अर्थाच्या अरबी शब्दापासून आलेला हा शब्द कोकणात देवापुढे लावलेल्या कौलासाठीही वापरतात. आपण प्रश्न करावा आणि देवाने उजवी-डावी देऊन उत्तर द्यावे, असा त्याचा क्रम असतो. लोकशाहीने हा क्रम उलटा केला : तेथे जनता कौल मागत नाही, देते. प्रश्नावलीच्या शेवटी येणारा आकडा वाचून तोच आपला निर्णय मानणारा मतदार नकळत पुन्हा कौल मागणाऱ्याच्या जागी जाऊन बसतो. विचार या अर्थाचे मत आणि मतदान या अर्थाचे मत यांमध्ये निवड करण्याची एक क्रिया आहे. 'निवडणूक' हा शब्द ज्या 'निवडणे' या क्रियापदापासून झाला, त्याचा घरगुती अर्थ धान्यातील खडे वेचून काढणे असा आहे. ते काम ज्याचे त्याने सूप पुढे घेऊन करावयाचे असते.