हाताशी असलेले पुस्तक

मुलांना वाचनाची आवड उरलेली नाही, ही तक्रार आज प्रत्येक धर्मग्रामात ऐकू येते. अकरा ते चौदा या वयातील विद्यार्थ्यांविषयी ती विशेष होते. आवड उपजत असते की घडते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. त्याचे उत्तर शोधण्यास जयसिंगपूरच्या वाचकाला फार दूर जावे लागत नाही.

जयसिंगपूर ही राजर्षी शाहू महाराजांनी आपले जनक पिते जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने वसविलेली पेठ. याच राजाने १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. परंतु अक्षरओळख म्हणजे वाचन नव्हे. अक्षर शिकलेल्या मुलाच्या हाती पुढे पुस्तकही यावे लागते. कोल्हापुरात १८५० पासून करवीर नगर वाचन मंदिर उभे होते. १९४५ मध्ये याच संस्थानाने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. आपल्या देशातील अशा प्रकारचा तो पहिला कायदा होय.

ग्रंथालय झाले, तरी त्यात मुलांसाठी काय असावे? मराठीत या प्रश्नाकडे लक्ष देणाऱ्यांत ख्रिस्ती मंडळी अग्रभागी होती, हे आपण विसरू नये. अमेरिकन मराठी मिशनचे 'बालबोधमेवा' १८७२ साली निघाले. विनायक कोंडदेव ओक यांचे 'बालबोध' १८८१ मध्ये, वासुदेव गोविंद आपटे यांचा 'आनंद' १९०६ मध्ये, तर बालभारतीचे 'किशोर' १९७१ मध्ये आले. आरंभीच्या मासिकांचा भर बोधावर होता. पुढे लेखकांना उमगले की या वयाचे मूल उपदेशापेक्षा सोबती शोधते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मुलांना आपलासा वाटला, कारण तो त्यांच्याच वयाचा, त्यांच्यासारखाच धडपड्या होता. गोष्टीत स्वतःचे रूप दिसले की मूल दुसरे पुस्तक आपणहून मागते.

हाताशी काय आहे, यावर किती अवलंबून असते, हे संत इग्नेशियस लोयोला यांच्या चरित्रातही दिसते. १५२१ साली पांप्लोनाच्या लढाईत पाय जायबंदी होऊन ते घरी पडून होते. त्यांनी वाचायला मागितल्या शूर सरदारांच्या कथा. वाड्यात त्या नव्हत्या. होते ते ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रे. नाइलाजाने हाती घेतलेल्या त्या पुस्तकांनी एका सैनिकाचे जीवन पालटले. तिशीतल्या पुरुषाची आवड घरातल्या ग्रंथांनी बदलली, तर बारा वर्षांच्या मुलाची का बदलणार नाही?

आता आपल्या घरांकडे पाहू. वेदीजवळ पवित्र शास्त्र असते. त्यापलीकडे पुस्तकांचे कपाट किती घरांत आहे? मूल इंग्रजी माध्यमात जाते, घरी मराठी बोलते आणि सायंकाळी मोबाइल पाहते. वडीलधाऱ्यांच्या हाती त्याला पुस्तक दिसत नसेल, तर दोष केवळ त्याचा म्हणता येत नाही. शिवाय मराठी बालसाहित्यात मिस्साला जाणारे, नाताळचा गोठा रचणारे मूल त्याला क्वचितच भेटते. मग ही भाषा आपली आहे, असे त्याला कशावरून वाटावे? ही उणीव दुसरे कोणी भरून काढणार नाही. 'सुवार्ता' मासिकाने १९५५ पासून वसईच्या समाजाला लिहिते केले. आपल्या भागातील लेखकांनीही या वयासाठी गोष्टी लिहायला हव्यात.

तोवर एक साधी गोष्ट करता येईल. अनेक मुलांचे दृढीकरण याच वयात होते. त्या दिवशी घड्याळ वा मोबाइल देण्याऐवजी मुलाला पुस्तकांच्या दुकानात न्यावे आणि त्याच्या निवडीचे मराठी पुस्तक घेऊन द्यावे. निवड त्याचीच असू द्यावी. रहस्यकथा निवडली म्हणून नाक मुरडू नये. घरी आल्यावर आईवडिलांनीही ते पुस्तक वाचावे आणि जेवताना त्याविषयी मुलाशी बोलावे. राजाने शाळा दिली, समाजाने ग्रंथालय दिले; घरातला वाचक मात्र आपल्यालाच व्हावे लागेल.