हार्वर्डच्या दाराची गोष्ट

अमेरिकेतल्या बारावीच्या मुलांसाठी मार्च महिन्याची अखेर फार ओढीची असते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन अशा नामांकित विद्यापीठांचे प्रवेशाचे निकाल त्या सुमारास लागतात. २०२४ साली एकट्या हार्वर्डकडे सुमारे ५४ हजार अर्ज आले आणि त्यांतल्या दोन हजारांहूनही कमी मुलांना होकार मिळाला. म्हणजे शंभरात साडेतीन. आपल्याकडे गुणवत्ता यादी लागते, कट-ऑफ जाहीर होतो, अमुक इतके गुण कमी पडले असे सांगता येते. दुःख होते, पण त्याला आकडा असतो. तिथे तसे नाही. वर्गातल्या पहिल्या मुलाला नकार येतो आणि सातव्या क्रमांकाच्या मुलीला होकार. असे का, हे विचारले तर विद्यापीठ सांगते, आम्ही नुसते गुण पाहत नाही, संपूर्ण माणूस पाहतो.

ऐकायला हे किती छान वाटते! गुणांच्या मागे धावून कंटाळलेल्या आपल्यासारख्यांना तर ते फारच पटते. पण ही 'संपूर्ण माणूस' पाहण्याची पद्धत केव्हा सुरू झाली आणि कशासाठी, हे शोधू लागलो की आपण शंभर वर्षे मागे जातो आणि तिथे जे दिसते ते तितकेसे छान नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी हार्वर्डमध्ये प्रवेश मिळवणे मुळीच अवघड नव्हते. परीक्षा द्यायची आणि उत्तीर्ण झाले की आत. एखाद-दुसऱ्या विषयात मागे पडलेल्या मुलालाही अटीवर घेत. आपल्या 'एटीकेटी'ची आठवण व्हावी असाच प्रकार! खरी अडचण दुसरीकडे होती. या परीक्षेत लॅटिनसारखे विषय असत आणि ते बहुतेक सरकारी शाळांत धड शिकवलेच जात नसत. ते शिकवले जात श्रीमंतांच्या निवासी शाळांत. त्यामुळे दार उघडे असले, तरी तिथपर्यंत जाणारी वाट मोजक्या घरांच्या अंगणातूनच जात होती. त्यातही प्रत्येक कॉलेजची परीक्षा वेगळी. हा गोंधळ मिटवण्यासाठी १९०० साली कॉलेज बोर्डाची स्थापना झाली आणि जून १९०१ मध्ये पहिली सामाईक परीक्षा झाली. तिला अवघे ९७३ विद्यार्थी बसले.

हार्वर्डचे तेव्हाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट उदार वृत्तीचे होते. हुशार मूल कोणत्याही घरचे असो, त्याला दार उघडे असावे असे त्यांचे मत. नेमके त्याच काळात पूर्व युरोपातून ज्यूंची लाखो कुटुंबे अमेरिकेत येत होती. न्यूयॉर्क, बॉस्टनच्या दाटीवाटीच्या वस्त्यांत राहून, शिवणकाम आणि फेरीचे धंदे करून ती मुलांना शाळेत धाडत होती. ही मुले अभ्यासाला चिकट. परीक्षा हाच निकष असेल तर ती मागे कशाला राहतील? १९०० साली हार्वर्डमध्ये शंभरात सातच्या आसपास ज्यू विद्यार्थी होते, ते १९२२ पर्यंत एकवीसच्या वर गेले.

आता अध्यक्षपदी अ‍ॅबट लॉरेन्स लॉवेल होते. बॉस्टनच्या जुन्या, खानदानी घराण्यातले गृहस्थ. त्यांना या आकड्याने अस्वस्थ केले. उन्हाळी हॉटेलात ज्यू येऊ लागले की जुने गिऱ्हाईक निघून जाते आणि मग हॉटेलच बसते, तसे कॉलेजचे होईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. याच लॉवेल यांनी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षाच्या वसतिगृहात राहण्यास मनाई केली होती, हेही लक्षात ठेवायला हवे. १९२२ मध्ये त्यांनी उघडच सुचवले की ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण पंधरा टक्क्यांवर रोखावे. बातमी फुटली आणि मोठा गदारोळ झाला. वर्तमानपत्रांनी झोड उठवली. अखेर एक समिती नेमावी लागली आणि १९२३ च्या वसंतात तिने असा कोटा ठेवायला नकार दिला.

वरवर पाहता लॉवेल हरले. पण समितीचे काम चालू असतानाच, १९२२ च्या शरद ऋतूत, प्रवेश अर्जात काही नवे प्रश्न आले होते. वंश आणि वर्ण कोणता? धर्म कोणता? आईचे माहेरचे आडनाव काय? वडिलांचा जन्म कुठला? आणि सर्वांत बोलका प्रश्न म्हणजे, जन्मापासून तुमच्या किंवा तुमच्या वडिलांच्या नावात काही बदल झाला आहे का, असल्यास सविस्तर सांगा. आडनावावरून माणूस ओळखण्याची कला काही आपल्याच देशात जन्मली नाही!

इथे एका आपल्या माणसाची आठवण येते. गोव्यातल्या कोसबेन गावी १९०७ साली जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी याच वर्षांत हार्वर्डच्या अंगणात वाढत होते. वडील धर्मानंद कोसंबी पाली भाषेचे थोर पंडित. 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्डने त्यांना बोलावले, तेव्हा १९१८ च्या सुमारास त्यांनी मुलालाही बरोबर नेले. दामोदर केंब्रिजच्या सरकारी लॅटिन शाळेत शिकले. शेवटच्या परीक्षेत इतके चमकले, की ज्या मोजक्या मुलांना हार्वर्डच्या प्रवेश परीक्षेतून सूट मिळाली त्यांत ते होते, अशी नोंद त्यांच्या चरित्रात आढळते. १९२९ साली ते तिथून सर्वोच्च सन्मानासह पदवीधर झाले. पुढे गणिताबरोबरच भारतीय इतिहासाच्या अभ्यासालाही नवी दिशा देणारे डी. डी. कोसंबी ते हेच. शाळेतली हुशारी पाहून दार उघडण्याची ही सोय त्याच १९२३ च्या समितीने वाढवली होती. शाळेतल्या वरच्या सातव्या हिश्शातल्या मुलांना परीक्षेविना घ्यावे, असे तिने सुचवले. दक्षिणेकडची आणि पश्चिमेकडची, गावाकडची मुले त्यातून येतील, ही अपेक्षा. प्रत्यक्षात शाळाशाळांतून पहिली येणारी ज्यू मुलेही त्याच वाटेने आली आणि १९२५ मध्ये त्यांचे प्रमाण सत्तावीस टक्क्यांच्या पुढे गेले!

मग १९२६ मध्ये लॉवेल यांनी साप मरावा आणि काठीही मोडू नये अशी युक्ती केली. पहिल्या वर्षाच्या जागा सुमारे एक हजारावर बांधल्या. जागा मर्यादित झाल्या म्हणजे निवड आली आणि निवड आली म्हणजे निवडणाऱ्याची मर्जी आली. आता नुसते गुण पुरेनात. विद्यार्थ्याचे 'चारित्र्य' आणि 'व्यक्तिमत्त्व' पाहायचे ठरले. शिफारसपत्रे, मुलाखती आल्या, अर्जाला फोटो चिकटवणे आले. कोटा कुठेही लिहिलेला नव्हता. पण ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण घसरून पंधरा टक्क्यांच्या आसपास आले, म्हणजे लॉवेल यांना हवे होते तिथेच. येल आणि प्रिन्स्टननेही थोड्याफार फरकाने हाच मार्ग धरला. जेरोम कॅराबेल या समाजशास्त्रज्ञाने या तिन्ही विद्यापीठांची जुनी दप्तरे चाळून २००५ साली 'द चोझन' हा जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यात हा सगळा इतिहास आला आहे.

त्याच १९२६ च्या जूनमध्ये आणखी एक गोष्ट घडली. कार्ल ब्रिगहॅम या प्रिन्स्टनच्या मानसशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली सॅट ही परीक्षा प्रथमच झाली. आठ हजारांवर मुले बसली. १९३३ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष झालेले रसायनशास्त्रज्ञ जेम्स कोनंट यांना ही परीक्षा आवडली. शाळा कशीही असो, मुलाची बुद्धी तिच्यातून कळेल, असे त्यांना वाटले. त्यांनी १९३४ पासून अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातल्या सामान्य घरांतली मुले शोधून त्यांना शिष्यवृत्त्या देऊन आणायला सुरुवात केली. तरीही १९५२ साली हार्वर्ड दर तीन अर्जांपैकी दोन स्वीकारत होते आणि वडील हार्वर्डचे असतील तर दहांपैकी नऊ! पुढच्या आठ वर्षांत चित्र पालटले. अर्ज वाढले, सॅटच्या भाषा विभागातली नव्या विद्यार्थ्यांची सरासरी ५८३ वरून ६७८ वर गेली. आज ज्याला आपण दुर्मीळ प्रवेश म्हणतो, त्याचा जन्म तेव्हाचा.

मग आता पुन्हा गुणांचे राज्य आले का? नाही. प्रवेश विभागाचे प्रमुख विल्बर बेंडर यांनी १९६० मध्ये पद सोडताना सवाल केला, की परीक्षेतल्या वरच्या एक टक्क्याचीच मुले भरली तर ते कॉलेज निरोगी राहील का? सगळेच पहिले येणारे असतील तर शेवटी कोणी यायचे? प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. पण त्या आडून माजी विद्यार्थ्यांची मुले, खेळाडू आणि देणगीदारांची मुले यांच्यासाठीही जागा राखली गेली.

इथून इतिहासाने एक वळण घेतले. ज्या मोघम निकषांनी एकेकाळी ज्यूंना दाराबाहेर ठेवले, त्याच निकषांच्या आधारे साठीच्या दशकानंतर कृष्णवर्णीय मुलांना आत घेता आले. येलमध्ये १९६५ पासून इन्स्ली क्लार्क या तरुण अधिकाऱ्याने सरकारी शाळांकडे मोर्चा वळवला, जुन्या घराण्यांचा रोष पत्करून. १९६९ मध्ये येल आणि प्रिन्स्टनने पदवीच्या वर्गांत मुलींना घेतले. १९७८ मध्ये बाकी खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, शंभरातल्या सोळा जागा राखून ठेवणारी एका वैद्यकीय कॉलेजची पद्धत रद्द केली. पण अनेक गोष्टींपैकी एक म्हणून वंशाचा विचार करायला हरकत नाही, असे सांगितले आणि उदाहरण दिले ते हार्वर्डचे! आपल्याकडे आरक्षणाचा आकडा उघड असतो, त्यावर भांडताही येते. तिथे आकडा चालत नाही, मोघमपणा चालतो. या निकालाने त्या मोघमपणावर मोहोर उठवली.

पुढे आशियाई वंशाच्या कुटुंबांची पाळी आली. त्यांत भारतीयही आले, मराठी घरेही आली. हार्वर्डविरुद्ध २०१४ मध्ये दाखल झालेल्या खटल्याच्या सुनावणीत, २०१८ साली, प्रवेश विभागाचे कागद उघड झाले. त्यांत आशियाई मुलांना अभ्यासात वरचे शेरे होते, पण स्वभाव, धैर्य, माणुसकी यांच्या 'वैयक्तिक' शेऱ्यात ती सरासरीने मागे पडत होती. हेतुपुरस्सर भेदभाव झाला नाही, असे खालच्या न्यायालयाने म्हटले. २९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मात्र निकाल फिरवला आणि प्रवेशात वंशाचा विचार करण्याची पद्धतच मोडीत काढली. शंभर वर्षांपूर्वीच्या ज्यू मुलांचे 'व्यक्तिमत्त्व' कमी भरले होते. ते आठवले की अंगावर काटा येतो.

याच खटल्यातून दुसरीही गोष्ट बाहेर आली. प्रवेश मिळालेल्या गौरवर्णीय विद्यार्थ्यांपैकी त्रेचाळीस टक्के एक तर निवडलेले खेळाडू होते, किंवा माजी विद्यार्थ्यांची, प्राध्यापकांची अथवा कॉलेजच्या खास मर्जीतल्या घरांची मुले. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांपैकी तिघांतल्या एकाला प्रवेश मिळत होता. २०२३ मध्येच राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की परीक्षेतले गुण सारखे असले तरी सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतल्या मुलाला अशा विद्यापीठांत प्रवेश मिळण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलाच्या दुपटीहून जास्त असते. वंशाची अट गेली, वारसाहक्क बहुतेक ठिकाणी राहिला. अर्थात सगळीकडे नाही. एमआयटी तो मानत नाही, जॉन्स हॉपकिन्सने तो बंद केल्याचे २०२० मध्ये जाहीर केले.

मग शंभरात साडेतीन या आकड्याचा अर्थ काय? पहिली गोष्ट म्हणजे तो थोडा फुगलेला आहे. १९७५ मध्ये पंधरा कॉलेजांनी मिळून सामाईक अर्ज सुरू केला. नंतर तो संगणकावर आला आणि एकच मूल दहा-पंधरा ठिकाणी अर्ज करू लागले. अर्ज वाढले, जागा जवळपास तेवढ्याच. त्यामुळे प्रत्येक दार पूर्वीपेक्षा अरुंद दिसते, मुले मात्र तीच असतात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. साडेतीन टक्के ही सर्वांची सरासरी आहे, ती कोणा एकाची शक्यता नव्हे. बॉस्टनच्या माजी विद्यार्थ्याच्या मुलाचा आकडा वेगळा, आयोवाच्या शेतकऱ्याच्या मुलीचा वेगळा, पुण्याहून अर्ज करणाऱ्या मुलाचा वेगळा.

यावरून सगळे गुणांवरच सोपवावे, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. नुसत्या परीक्षेच्या काळातही लॅटिन शिकवणारी शाळा परवडणाऱ्यांचीच चलती होती आणि सॅटसाठी महागडे क्लास लावणारी घरे आजही आहेत. प्रत्येक निकष कोणाला तरी जवळचा आणि कोणाला तरी दूरचा असतो. तो कोणी ठरवला, कोणासाठी ठरवला आणि तो उघडपणे सांगितला आहे की नाही, एवढे विचारत राहणे आपल्या हाती आहे.

आणि नकाराचे पत्र आलेल्या मुलांना, मग ती न्यू जर्सीतली असोत की नाशिकची, एवढेच सांगावेसे वाटते. १९२६ मध्ये हार्वर्डने ज्यांना 'व्यक्तिमत्त्व' कमी म्हणून परत पाठवले, त्यांच्या व्यक्तिमत्त्वात काही कमी नव्हते. कमी होते ते पाहणाऱ्याच्या नजरेत. तेव्हा पत्र वाचावे, वाईट वाटून घ्यावे, पण ती आपल्या लायकीची गुणपत्रिका समजू नये.