गाडी कुठे लावायची, चहा कधी येणार? – एका तक्रारीचा इतिहास



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काही मंडळी हसली. तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक, आणि विषय काय, तर हॉटेलात कॉफी वेळेवर मिळत नाही आणि गाडी लावायला जागा नाही! हसा, हरकत नाही. पण ही तक्रार करता येणं हीच आपल्या समाजाची मोठी कमाई आहे, असं आम्हाला वाटतं. ते कसं, एवढंच आज मांडायचं आहे.

आधी आमचाच एक प्रसंग सांगतो. मागे दिवाळीनंतर आम्ही पुण्याला मुलाकडे गेलो होतो. नातवानं एका गजबजलेल्या कॉफीच्या दुकानात नेलं. गाडी लावायला जागा मिळेना. गल्लीला तीन फेऱ्या झाल्या, शेवटी एका बंगल्याच्या फाटकासमोर लावली. आत गेलो. तिथं पैसे आधी भरायचे, नाव सांगायचं आणि पुकारा होईपर्यंत उभं राहायचं. पंचवीस मिनिटं झाली. आमच्या मागून आलेले पिऊन गेले. मग आम्ही काउंटरवर जाऊन वर्गात लावायचो तसा आवाज लावला. तिथल्या पोरानं माफी मागितली, कॉफी दिली. कोमट होती. रागारागानं बाहेर आलो, तर फाटकाशी बंगल्यातल्या बाई उभ्या. घरात आजारी माणूस, दवाखान्यात न्यायला रिक्षा आलेली, आणि आमच्या गाडीमुळे ती आत जाईना. आम्ही आत हक्काची भाषा बोलत होतो, तेव्हा त्या बाई बाहेर खोळंबल्या होत्या. तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतो आहे.

आता माकणीकडे येऊ. आमच्या लहानपणी माकणी उमरगा तालुक्यात होती, लोहारा तालुका पुष्कळ नंतरचा. तेरणेवरचं धरणही झालेलं नव्हतं. गाडी म्हणजे बैलगाडी. बैल सोडून चाकाला बांधले, पुढ्यात कडबा टाकला की झालं पार्किंग! हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर, मातीची भट्टी, एक किटली आणि दोन बाकडी. पण त्या हॉटेलच्या बाहेरच्या भिंतीत एक कोनाडा होता. त्यात कान तुटलेल्या दोन-तीन कपबशा पालथ्या ठेवलेल्या असत. गावकुसाबाहेरचा माणूस यायचा, कोनाड्यातला कप घ्यायचा, दुरून पुढं करायचा. वरून चहा ओतला जायचा. तो खाली मातीत बसून प्यायचा, कप स्वतः विसळायचा आणि पुन्हा कोनाड्यात ठेवायचा. पैसे मात्र तेवढेच.

आम्ही हे रोज पाहिलं. तो माणूस “किती वेळ लावता?” असं कधी म्हणाल्याचं आम्हाला आठवत नाही. चहा थंड असेल, उशिरा मिळाला असेल, पण बोलायची सोयच नव्हती. तक्रार करायला आधी माणूस म्हणून मोजलं जावं लागतं.

आणि हे सगळं कायदा झाल्यानंतरचं, बरं का. २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटना लागू झाली. तिच्या पंधराव्या कलमात दुकानं आणि उपाहारगृहं यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तिथं जाताना धर्म, जात, लिंग यांवरून कुणाला अडवता येणार नाही. सतराव्या कलमानं अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ साली तिच्यासाठी शिक्षेचा कायदा आला. म्हणजे दिल्लीत कायदा होता आणि आमच्या गावात कोनाडा होता. घटनाकारांनी हॉटेलाचा शब्द मुद्दाम का घातला, हे तो कोनाडा पाहिलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

या संदर्भात कोल्हापूरची हकीकत आठवते. गंगाराम कांबळे हे राजवाड्यात नोकरीला होते. पाण्याला शिवले म्हणून त्यांना सवर्ण नोकरांनी मारहाण केली. शाहू महाराजांना हे कळलं. त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा काढायला मदत केली. त्यांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं, नाव ठेवलं ‘सत्यसुधारक’. पण सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना. महाराजांनी काय करावं? त्यांनी हुकूम काढला नाही. ते आपली गाडी त्या हॉटेलासमोर उभी करू लागले. तिथं चहा मागवायचे, स्वतः प्यायचे आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजायचे. राजासमोर नाही कोण म्हणणार?

भर रस्त्यात हॉटेलासमोर गाडी उभी करण्याचा याहून चांगला उपयोग आमच्या ऐकिवात नाही! ती गाडी तिथं होती म्हणून दार उघडलं. आमची गाडी पुण्यात उभी होती, तिच्यामुळे दार बंद झालं.

आता थोडं बाहेरच्या जगाकडे पाहू. लंडनमध्ये पहिलं कॉफीगृह १६५२ च्या सुमारास निघालं. १६७४ साली तिथल्या कॉफीगृहांचे नियम पद्यात छापले गेले. त्यांचा आशय असा, की इथं उमराव आणि दुकानदार शेजारी बसतील आणि मोठा माणूस आला म्हणून कुणी उठून जागा देणार नाही. पुढच्याच वर्षी दुसऱ्या चार्ल्स राजानं ही कॉफीगृहं बंद करण्याचा हुकूम काढला, कारण तिथं लोक राज्यकारभारावर बोलत. ओरड इतकी झाली की थोड्याच दिवसांत त्याला तो मागे घ्यावा लागला. हाबरमास या जर्मन तत्त्वज्ञानं १९६२ च्या ग्रंथात लोकमताचा उगम सांगताना या कॉफीगृहांना मोठं स्थान दिलं. मात्र तिथल्या चर्चेत बायकांना जवळपास स्थान नव्हतं. आमच्याकडेही नव्हतं. एस.टी.ची वाट पाहणाऱ्या बाईला चहा हवा असेल तर घरचा पुरुष हॉटेलातून आणून द्यायचा. आज त्याच फाट्यावर कॉलेजच्या मुली स्वतः चहा मागतात आणि साखर जास्त झाली तर तोंडावर सांगतात. आम्हाला ते ऐकायला फार बरं वाटतं.

तक्रारीला पुढं संघटनेचं बळ मिळालं. बिंदुमाधव जोशी यांनी सत्तरच्या दशकात पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम उभं केलं. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला. गिऱ्हाईकाचा ‘ग्राहक’ झाला, दाद मागायला मंच मिळाला.

पण एक माणूस राहिलाच की. हॉटेलातला पोऱ्या! फडकं मारणारा, सहा-सहा ग्लास बोटांत अडकवून पळणारा, उशीर झाला की गिऱ्हाईकाच्या शिव्या आणि मालकाची थप्पड खाणारा. आम्हीही त्याला “ए बारक्या” म्हणूनच हाक मारली, नाव कधी विचारलं नाही. हॉटेल-ढाब्यांत चौदा वर्षांखालच्या मुलांना ठेवायला बंदी आली ती १० ऑक्टोबर २००६ पासून. म्हणजे आमची अर्धी हयात गेल्यावर. आजही चहा उशिरा येतो तेव्हा ज्याच्यावर आपण खेकसतो, त्याच्या हातात बहुधा काहीच नसतं. माणसं कमी ठेवायची हे मालक ठरवतो, बोलणी पोरगा खातो.

आता सांगायचं ते एवढंच. ‘आधी येईल त्याला आधी’ हा नियम आपल्याला क्षुल्लक वाटतो. पण तो जात, पैसा, हुद्दा काही विचारत नाही. रांगेत पाटील आणि गडी मागे-पुढे उभे राहतात, हे आमच्या आजोबांना पटलंही नसतं. म्हणून रांग मोडली की चिडावं, जरूर चिडावं. तुमचा हक्क आहे आणि तो फुकट मिळालेला नाही.

पण कांट विचारील, की तुम्ही केलंत तसं प्रत्येकानं केलं तर चालेल का? प्रत्येकानं फाटकासमोर गाडी लावली तर? त्या दिवशी आमच्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही त्या बाईंची माफी मागितली, नातवानं गाडी काढली, रिक्षा आत गेली. त्यांनी आम्हाला शिव्या दिल्या नाहीत. “काका, नुसती बेल वाजवून विचारायचं होतं,” एवढंच त्या म्हणाल्या.

काउंटरवरच्या त्या पोराची माफी मागायची मात्र राहूनच गेली.